जुना काट्याचा मल्टीमीटर बिघडलाय? कुठून तपासायचं आणि कुठे थांबायचं

आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत, काकांच्या वायरमनच्या पिशवीत किंवा बंद पडलेल्या रेडिओ रिपेअरिंगच्या दुकानात एक जड, काळा डबा सापडतो. वर काच, काचेखाली काटा, मध्ये मोठा नॉब आणि दोन वायरी. हा काट्याचा, म्हणजे ॲनालॉग मल्टीमीटर. जळगाव आणि धुळ्याकडून असे मीटर माझ्याकडे अधूनमधून येतात आणि सोबत प्रश्न एकच असतो: "चालत नाही, फेकून देऊ का?"

बहुतेक वेळा फेकायची गरज नसते. बिघाड सेलमध्ये, वायरीत, फ्यूजमध्ये किंवा नॉबच्या संपर्कात असतो आणि तो घरच्या घरी सापडतो. पण काही बिघाड असे असतात की मीटर चालतोय असं वाटतं आणि तो खोटं सांगत असतो. ते ओळखता येणं जास्त महत्त्वाचं आहे. या लेखात आपण मीटर आतून कसा चालतो, बिघाड क्रमाने कसा शोधायचा आणि दुरुस्त झालेल्या मीटरवर किती भरवसा ठेवायचा, हे पाहू.

## शून्याचे दोन अर्थ

रावेर-यावलचा केळीचा पट्टा घ्या किंवा शिरपूर-साक्रीकडची शेती. शेतीपंपाची थ्री फेज लाईट पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. मोटर उठली नाही की माणूस टॉर्च घेऊन स्टार्टरच्या पेटीपाशी जातो. पेटी उघडतो, मीटर लावतो. काटा हलत नाही.

याचे अर्थ दोन निघतात. एक, लाईट नाही. दोन, मीटर मेलेला आहे आणि समोरच्या दोन फेजमध्ये सुमारे ४१५ व्होल्ट आहेत. काटा दोन्ही वेळा त्याच जागी उभा असतो. डिजिटल मीटरचा सेल संपला तर स्क्रीन निदान कोरी पडते. काट्याच्या मीटरमध्ये तशी सोयच नाही, त्याचं "शून्य" आणि त्याचं "मी बंद आहे" हे दिसायला सारखंच.

म्हणून पहिला नियम: संशयातला मीटर "चालतो का बघू" म्हणून घरच्या सॉकेटमध्ये किंवा स्टार्टरवर लावायचा नाही. खाली सांगितलेल्या, तुम्ही करायच्या सगळ्या तपासण्या साध्या सेलवर होतात. मेन्सची गरज कुठेच पडत नाही.

## हा मीटर आतून कसा चालतो

व्होल्ट, ओहम आणि ॲम्पियर एकाच यंत्रात मोजायची कल्पना ब्रिटिश पोस्ट खात्यातले इंजिनिअर डोनाल्ड मॅकाडी यांची. १९२३ मध्ये त्यांचा 'ॲव्होमीटर' बाजारात आला. ॲम्पियर, व्होल्ट, ओहम यांची आद्याक्षरं म्हणजे ॲव्हो. आपल्याकडे नाशिकच्या मोटवाने कंपनीने असे मीटर बनवले. 'शिकागो रेडिओ' या नावाने लाऊडस्पीकर बनवणारे मोटवाने ते हेच. १९४२ च्या गुप्त काँग्रेस रेडिओच्या खटल्यात उषा मेहतांबरोबर नानिक मोटवाने यांच्यावरही आरोप ठेवला गेला होता.

कंपनी कोणतीही असो, आतली रचना साधारण सारखीच. नालासारख्या कायमच्या चुंबकाच्या खाचेत अगदी बारीक तारेची कॉइल असते. तिला काटा जोडलेला असतो आणि केसासारख्या दोन स्प्रिंगा तिला शून्यावर धरून ठेवतात. कॉइलमधून करंट गेला की ती फिरते, करंट जितका जास्त तितका काटा पुढे.

ही कॉइल फार नाजूक असते. चांगल्या मीटरमध्ये काटा पूर्ण टोकाला न्यायला ५० मायक्रोॲम्पियर, म्हणजे एका ॲम्पियरचा वीस हजारावा भाग पुरतो. मीटरच्या तबकडीवर कोपऱ्यात "२० किलोओहम प्रति व्होल्ट" असं लिहिलेलं दिसतं, त्याचा अर्थ हाच. बाकी सगळं कॉइलच्या भोवती उभं केलेलं असतं:

- व्होल्ट मोजायला कॉइलच्या आधी मोठे रेझिस्टर लागतात. रेंज जितकी मोठी तितका एकूण रेझिस्टन्स जास्त. २५० व्होल्टच्या रेंजला २०,००० गुणिले २५०, म्हणजे ५० लाख ओहम.
- एसी व्होल्ट मोजायला त्याच वाटेत डायोड लागतात.
- करंट मोजायला कॉइलच्या बाजूने छोटे रेझिस्टर देऊन जादाचा करंट वळवला जातो. यांना शंट म्हणतात.
- ओहम मोजायला मीटरच्या आतले सेल लागतात.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सतत उपयोगी पडेल: सेल फक्त ओहमसाठी असतात. व्होल्ट आणि मिलिॲम्पियर मोजायला काट्याच्या मीटरला सेल लागतच नाहीत. तेव्हा "सेल नवीन टाकले तरी व्होल्ट दाखवत नाही" असं कुणी म्हणालं, तर बिघाड सेलचा नाही हे तिथेच कळतं.

## काय सामान लागेल

नवीन पेन्सिल सेल, एक ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, वायरचा छोटा तुकडा, बारीक स्क्रू ड्रायव्हर, कापसाची काडी, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि एक टक्का अचूकतेचे चार-पाच रेझिस्टर (१ के, १० के, ४७ के, १०० के). हे रेझिस्टर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात अगदी किरकोळ किमतीत मिळतात. एखादा साधा डिजिटल मीटर उसना मिळाला तर काम अर्धं होतं.

मोबाईलचाही इथे खरा उपयोग आहे. झाकण उघडल्यापासून प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. कोणती वायर कुठे होती, हे नंतर आठवत नाही. कॅमेऱ्याचा झूम म्हणजे तुमचं भिंग. फक्त फोन काढलेल्या मीटरला खेटून ठेवू नका. त्याच्या स्पीकरमध्ये चुंबक असतो आणि उघड्या कॉइलजवळ चुंबक किंवा लोखंडाचा कीस नको.

## न उघडता करायची तपासणी

हा क्रम बदलू नका. प्रत्येक पायरी पुढच्या पायरीचा अर्थ लावायला मदत करते.

पायरी १: काटा मोकळा आहे का? दोन्ही वायरी काढा. मीटर हातात धरून हळूच डावी-उजवीकडे कलवा. काटा किंचित तरंगल्यासारखा हलला पाहिजे आणि परत आला पाहिजे. मग मीटर टेबलावर आडवा ठेवा. काचेखाली मध्यभागी छोटा स्क्रू दिसेल. तो अगदी थोडा फिरवून काटा डावीकडच्या शून्यावर आणा. तबकडीवर आरशाची पट्टी असेल तर काटा आणि त्याचं प्रतिबिंब एकावर एक दिसेल अशा जागेवरून पाहा, नाहीतर तिरकं पाहून चूक वाचाल.

पायरी २: व्होल्ट. नॉब डीसी २.५ किंवा त्याच्या जवळच्या रेंजवर ठेवा. नवीन पेन्सिल सेलला लाल वायर अधिककडे, काळी उणेकडे लावा. १.५ ते १.६ दिसलं पाहिजे.

पायरी ३: ओहम. नवीन सेल घाला, दिशा तपासा. नॉब ओहम ×१० वर ठेवा आणि दोन्ही पिना एकमेकींना टेकवा. काटा झपकन उजवीकडे गेला पाहिजे. "ओहम ॲडजस्ट" नॉबने तो उजव्या शून्यावर आणा. ओहमची पट्टी उलटी असते, तिचं शून्य उजवीकडे.

पायरी ४: वायरी. काटा हलला नाही तर पिना काढून ठेवा आणि वायरच्या तुकड्याने मीटरची दोन्ही भोकं थेट जोडा. आता काटा हलला, तर बिघाड मीटरमध्ये नाही, पिनांच्या वायरीत आहे. जुनी वायर बहुतेक वेळा पिनेच्या दांड्यापाशी किंवा प्लगच्या तोंडाशी आतून तुटते, वरचं रबर शाबूत दिसतं. अशी वायर टेप गुंडाळून चालवू नका, नवीन जोडी घ्या.

पायरी ५: सगळ्या रेंज. ९ व्होल्टची बॅटरी घ्या आणि डीसीच्या १०, ५० आणि २५० या रेंजवर एकेक करून लावा. १० वर काटा जवळपास टोकाला जाईल, ५० वर ९ च्या आसपास थांबेल, २५० वर जेमतेम दोन बारीक रेघा सरकेल. कमी सरकला तरी चालेल, पण सरकला पाहिजे. मग ओहमच्या सगळ्या रेंज पिना टेकवून पाहा.

आता कागदावर लिहा: काय चालतं, काय चालत नाही. निम्मं निदान या यादीतच होतं.

## लक्षण काय, संशय कुणावर

व्होल्ट चालतात, ओहम अजिबात नाही. सेल, सेलच्या पट्ट्यांवरचा गंज किंवा ओहम ॲडजस्टचा पॉट.

ओहम ×१ वर शून्य गाठत नाही, ×१०० वर गाठतो. सेल कमजोर किंवा पट्टी गंजलेली. ×१ ही रेंज सगळ्यांत जास्त करंट खाते. ज्या मीटरमध्ये दोन सेल असतात आणि पट्टीच्या मध्यावर २० ओहम लिहिलेलं असतं, तिथे पिना टेकवल्यावर ३ भागिले २०, म्हणजे १५० मिलिॲम्पियर जातात. अर्धमेला सेल एवढा भार घेत नाही.

फक्त ×१० के चालत नाही. बऱ्याच मीटरमध्ये या रेंजसाठी वेगळी मोठ्या व्होल्टेजची बॅटरी असते. मागचं झाकण उघडा, तिची जागा रिकामी असण्याची शक्यता आहे.

फक्त ओहम ×१ मेलेला, बाकी ठीक. कुणीतरी ओहमवर ठेवून लाईटमध्ये पिना घातल्या होत्या. त्या रेंजचा छोटा रेझिस्टर जळलेला असतो. झाकण उघडलं की करपलेला दिसतो.

डीसी चालतं, एसीची एकही रेंज नाही. डायोड.

एका रेंजपर्यंत ठीक, तिच्या वरच्या सगळ्या मेलेल्या. रेझिस्टरची साखळी तुटलेली. याचं उदाहरण पुढे आहे.

काहीच चालत नाही, पण काटा मोकळा आहे. फ्यूज, नॉबचे संपर्क, कॉइलवरचे संरक्षक डायोड आणि शेवटी कॉइल. याच क्रमाने पाहा.

## उघडल्यावर

उघडण्याआधी वायरी आणि सेल काढा.

फ्यूज. छोटी काचेची नळी. आतली तार तुटलेली दिसते, पण नेहमी दिसतेच असं नाही, म्हणून दुसऱ्या मीटरने तपासा. नवीन फ्यूज आतल्या लेबलवर लिहिलेल्या रेटिंगचाच हवा. तांब्याची तार, सिगारेटच्या पाकिटाची चांदी, मोठ्या ॲम्पियरचा फ्यूज, हे तिन्ही मी मीटरमध्ये लावलेले पाहिलेत. अशा मीटरमध्ये पुढच्या वेळी फ्यूजऐवजी मीटर जळतो आणि तो हातात असतो.

सेलच्या पट्ट्या. पत्र्याच्या शेडमध्ये दोन-तीन उन्हाळे पडून राहिलेल्या मीटरमध्ये सेल हमखास फुटलेले असतात. अल्कलाइन सेलमधून आलेली पांढरी पूड लिंबाच्या रसात भिजवलेल्या काडीने पुसा, नंतर ओल्या कापसाने आणि शेवटी अल्कोहोलने. पट्टीचा पत्राच खाल्ला गेला असेल तर ती बदलावी लागते. पुसताना पूड डोळ्यांकडे उडू देऊ नका.

नॉब. वर्षानुवर्षं न फिरलेल्या नॉबच्या संपर्कावर काळा थर बसतो. दुकानात याला "कार्बन आलाय" म्हणतात. आधी नॉब वीस-तीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. कधी एवढ्यानेच मीटर जागा होतो. नाही झाला तर काडीला अल्कोहोल लावून पट्ट्या पुसा आणि पूर्ण वाळू द्या. पॉलिश पेपर मारू नका, वरचा पातळ मुलामा निघून जातो. तेलकट स्प्रे नको, त्यावर आपल्याकडची धूळ बसते आणि दोन महिन्यांत चिखल होतो.

कॉइलवरचे डायोड. अनेक मीटरमध्ये कॉइलच्या दोन टोकांवर उलटसुलट जोडलेले दोन छोटे डायोड असतात. जास्त व्होल्टेज आलं तर ते कॉइलला वाचवतात. पण त्यातला एक शॉर्ट झाला की सगळा करंट तिथूनच निघून जातो आणि काटा मेल्यासारखा पडून राहतो. कॉइल गेली असं समजून मीटर भंगारात टाकण्याआधी एका डायोडचं एक टोक सोडवून पाहा.

कॉइल. इथे एक धोका आहे. दुसऱ्या काट्याच्या मीटरच्या ओहम ×१ रेंजने कॉइल तपासू नका. त्यातून येणारा करंट कॉइलच्या क्षमतेच्या कितीतरी पट असतो. काटा आपटून वाकतो किंवा कॉइल जळते. बरोबर पद्धत अशी: कॉइलचं एक टोक सर्किटपासून सोडवा, नवीन पेन्सिल सेल आणि ४७ के चा रेझिस्टर एकापाठोपाठ जोडा आणि ते कॉइलला लावा. करंट ३० मायक्रोॲम्पियरच्या थोडा वर जातो. ५० मायक्रोॲम्पियरचा काटा पट्टीच्या साठ टक्क्यांच्या आसपास थांबला पाहिजे. थांबला, तर कॉइल चांगली आहे आणि बिघाड बाहेर आहे. अजिबात हलला नाही, तर कॉइल किंवा तिची स्प्रिंग तुटलेली आहे. हे काम घरी करायचं नाही.

## धुळ्याहून आलेला एक मीटर

धुळ्याहून आलेल्या एका मीटरबद्दल मालकाची तक्रार होती की "कधी दाखवतो, कधी नाही". तो विहिरीवरच्या मोटरसाठी हाच मीटर वापरत होता. यादी केली: डीसीच्या सगळ्या रेंज ठीक, ओहम ठीक, एसी १० आणि ५० ठीक. एसी २५० आणि १००० वर काटा हलत नव्हता.

"कधी" म्हणजे केव्हा, हे इथेच कळलं. दुकानात अडॅप्टर, ट्रान्सफॉर्मर यांवर मीटर बरोबर दाखवत होता, कारण तिथे रेंज छोटी होती. विहिरीवर गेला की नॉब मोठ्या रेंजवर जायचा आणि मीटर गप्प बसायचा. म्हणजे नेमका जिथे जीव जाऊ शकतो, तिथेच तो शून्य सांगत होता.

आता विचार करा. एसी १० चालतं, म्हणजे डायोड आणि कॉइल चांगले. बऱ्याच मीटरमध्ये व्होल्टचे रेझिस्टर साखळीसारखे एकापुढे एक असतात. १० ची रेंज पहिल्या कडीवर, ५० ची दुसरीवर, २५० ची तिसरीवर. ५० चालतं आणि २५० पासून पुढे सगळं बंद, म्हणजे तिसरी कडी तुटलेली. मीटरवर एसीसाठी "८ किलोओहम प्रति व्होल्ट" लिहिलं होतं. ५० ते २५० मध्ये फरक २०० व्होल्टचा, म्हणून तिथे २०० गुणिले ८,०००, म्हणजे १६ लाख ओहमचा रेझिस्टर हवा. डिजिटल मीटरने तपासला तर तो पूर्ण ओपन होता. त्याच किमतीचा, योग्य व्होल्टेज आणि वॅटचा एक टक्क्याचा रेझिस्टर झाळला आणि छोट्या ट्रान्सफॉर्मरच्या २४ व्होल्टवर पाहिलं. ५० च्या रेंजवर जे आकडे, तेच आता २५० च्या रेंजवर पाचव्या भागाच्या सरकण्याने दिसत होते.

पूर्ण तुटलेला रेझिस्टर निदान सापडतो. जास्त फसवतो तो वयाने वाढलेला. जुन्या कार्बन रेझिस्टरचा रेझिस्टन्स वर्षांनुसार वाढत जातो. ५० लाख ओहमचा रेझिस्टन्स वीस टक्के वाढून ६० लाख झाला, तर २३० व्होल्टच्या जागी मीटर सुमारे १९२ दाखवेल. तुम्ही म्हणाल लाईट डिम आहे, मोटर जळायची भीती आहे. लाईट पूर्ण असते.

## काटा मध्येच अडकतो?

खानदेशात एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या घरात जातो आणि हवा कोरडी ठणठणीत होते. अशा दिवसांत प्लास्टिकच्या काचेचा मीटर कोरड्या फडक्याने पुसला की काचेवर स्थिर वीज साठते आणि काटा कुठेतरी मध्येच वर ओढला जाऊन थांबतो. हा बिघाड नाही. काचेवर तोंडाची वाफ मारा. काटा सुटला तर कारण हेच. नंतर पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून, पिळलेल्या फडक्याने काच बाहेरून पुसा.

वाफेने सुटला नाही तर तीन शक्यता. तबकडीचा कागद उन्हाने फुगून काट्याला घासतोय, काटा वाकलाय किंवा चुंबकाच्या खाचेत लोखंडाचा बारीक कण अडकलाय. कागद चिकटवता येतो, काटा चिमट्याने अलगद सरळ करता येतो. कण काढायला फुंकर मारू नका, तो आणखी आत जातो. चिकटपट्टीची बारीक सुरळी करून टोकाने टिपून घ्या. आणि कॉइलच्या टोकांना तेल घालू नका. ती टोकं कोरडीच फिरतात, तेलावर धूळ बसली की काटा कायमचा जड होतो.

## दुरुस्त झाला, हे कसं ठरवायचं

एका वाचनावर विसंबू नका. किमान एवढं तपासा:

१. नवीन पेन्सिल सेल: १.५ ते १.६ व्होल्ट.
२. पूर्ण चार्ज करून काही तास तशीच ठेवलेली बाइकची लेड-ॲसिड बॅटरी: १२.६ ते १२.८ च्या आसपास.
३. १ के, १० के, १०० के रेझिस्टर, प्रत्येक वेळी रेंज बदलली की ओहमचं शून्य पुन्हा लावून.
४. तोच सेल आणि तीच बॅटरी डिजिटल मीटरवर.

थोडा फरक येणारच. असे मीटर डीसीवर साधारण तीन टक्के अचूक असतात आणि हे टक्के पूर्ण पट्टीचे धरायचे. १० च्या रेंजवर तीन टक्के म्हणजे ०.३ व्होल्ट, मग तुम्ही ९ मोजत असा की १. म्हणून रेंज अशी निवडा की काटा पट्टीच्या उजव्या दोन-तृतीयांश भागात राहील.

आणखी एक: ओहमच्या रेंजवर बहुतेक काट्याच्या मीटरमध्ये काळ्या पिनेवर अधिक असतं, लालवर उणे. त्यामुळे डायोड डिजिटलच्या उलटा दिसतो. डायोड खराब नाही, मीटरही नाही.

## डिजिटलपेक्षा कमी दाखवतो, तो बिघाडच असेल का?

नेहमी नाही. ९ व्होल्टच्या बॅटरीवर १०० के चे दोन रेझिस्टर ओळीने लावा आणि मधल्या बिंदूवर मोजा. डिजिटल जवळपास ४.५ दाखवेल, काट्याचा मीटर १० च्या रेंजवर ३.६. डिजिटलचा आतला रेझिस्टन्स साधारण १ कोटी ओहम असतो, काट्याच्या मीटरचा या रेंजवर २ लाख. तो स्वतःच सर्किटमधून करंट पितो आणि व्होल्टेज खाली ओढतो.

याचा उलटा फायदाही आहे. चालू वायरीच्या शेजारून गेलेल्या तुटक्या वायरीवर डिजिटल मीटर पन्नास-साठ व्होल्ट दाखवून गोंधळात पाडतो. काट्याचा मीटर त्या भुताटकी व्होल्टेजला भार देतो आणि काटा खाली बसतो. शिवाय हळूहळू वर-खाली होणारं व्होल्टेज आकड्यांपेक्षा काट्यावर चटकन दिसतं.

## कुठे थांबायचं

दुरुस्त झालेला जुना मीटर मी सेल, बाइकची बॅटरी, अडॅप्टर, रेडिओ आणि शिकण्याच्या सर्किटपुरता ठेवायला सांगतो. घरचे २३० आणि पंपाचे ४१५ व्होल्ट यांसाठी नाही. या मीटरवर आजची सुरक्षा श्रेणी लिहिलेली नसते, फ्यूज साध्या काचेचा असतो, पिनांचं रबर तडकलेलं असतं आणि नॉब चुकून ओहमवर राहिला तर मध्ये कुणी अडवणारं नसतं.

मेन्सवर काम वायरमननेच करावं, योग्य श्रेणीच्या मीटरने. पण त्यालाही लागू असलेला एक नियम तुम्हालाही माहीत असू द्या: चालू, बंद, चालू. लाईट गेली आहे याची खात्री करायची तर आधी नक्की चालू असलेल्या ठिकाणी मीटर दाखवतो का पाहायचं, मग ज्या जागी काम करायचं तिथे मोजायचं आणि मग पुन्हा चालू जागी पाहायचं. तिसरी पायरी बरेच जण गाळतात. मधल्या वेळेत फ्यूज उडाला किंवा वायर तुटली असेल, तर ते फक्त त्याच पायरीत कळतं.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मोबाईलवर मल्टीमीटरचं ॲप चालेल का? फोनला बाहेरचं व्होल्टेज मोजायची सोय नसते. अशी ॲप वेगळं उपकरण जोडलं तरच काम करतात. चार्जिंगच्या भोकात वायरी घालून पाहू नका.

रेझिस्टरचे रंग कॅमेऱ्याने ओळखता येतात का? पांढऱ्या उजेडात, हो. पिवळ्या बल्बखाली लाल, नारिंगी आणि तपकिरी सारखेच दिसतात. शंका असेल तर मोजा.

वापरून झाल्यावर कसा ठेवायचा? नॉब "ऑफ" वर, ऑफ नसेल तर सगळ्यांत मोठ्या व्होल्टच्या रेंजवर. ओहमवर कधीच नाही. महिनाभर लागणार नसेल तर सेल काढा.

एवढं करून हा मीटर कशाला ठेवायचा? शिकण्यासाठी. यातला प्रत्येक भाग डोळ्यांनी दिसतो आणि बिघाड विचार करून सापडतो. "काय चालतं, काय चालत नाही" ही यादी करायची सवय लागली, की ती मिक्सरला, इन्व्हर्टरला आणि स्टार्टरलाही उपयोगी पडते. फक्त काटा शून्यावर दिसला की आधी विचारा: हे शून्य लाईनचं की मीटरचं?